शंका आली म्हणून माळ उतरवायची का?

आजचं वाचन : श्रीमद्भगवद्गीता, अध्याय ४, श्लोक ३४ ते ४२. सोबत ज्ञानेश्वरीच्या चौथ्या अध्यायाचा शेवटचा भाग.



आजच्या वाचनात एक श्लोक असा आहे, जो आपल्यापैकी बऱ्याच जणांना लहानपणी धाक म्हणूनच ऐकवला गेलाय. चाळिसावा श्लोक. ज्याला ज्ञान नाही, ज्याच्याकडे श्रद्धा नाही आणि ज्याचं मन संशयाने भरलंय त्याचा नाश होतो, त्याला हा लोक नाही, परलोक नाही आणि सुखही नाही, असं भगवंत म्हणतात. त्यावर लिहिताना माउली तर संशयाला सगळ्यात घोर पाप म्हणतात.

आता ज्याला खरोखरच शंका आली आहे, त्याने हा श्लोक वाचला तर काय होतं? दोनपैकी एक होतं. एक तर तो शंका लपवतो. हरिपाठाला उभा राहतो, टाळ वाजवतो, आणि आतून स्वतःला चोर समजतो. नाही तर तो हळूहळू येणंच बंद करतो. आधी मंडळाचा व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप म्यूट होतो, मग एकादशी सुटते, मग एक दिवस तुळशीची माळ ड्रॉवरमध्ये जाते. कोणी काही विचारत नाही, कारण विचारायला सगळ्यांनाच भीती वाटते.

म्हणून आज हा श्लोक नीट, मागच्या-पुढच्या श्लोकांसकट वाचू.

श्लोक एकटा वाचायचा नाही

चाळिसाव्याच्या फक्त सहा श्लोक आधी, चौतिसाव्यात, ज्ञान कसं मिळवायचं ते भगवंतांनी सांगितलंय. तीन गोष्टी आहेत : नम्रता, सेवा, आणि या दोन्हींच्या मध्ये परिप्रश्न. परिप्रश्न म्हणजे नुसता प्रश्न नव्हे. सगळ्या बाजूंनी, पुन्हा पुन्हा, समाधान होईपर्यंत विचारणं. म्हणजे जो देव संशयी माणसाचा नाश होतो म्हणतो, त्यानेच सहा श्लोक आधी विचारायला सांगितलंय. मग संशय आणि प्रश्न या एकच गोष्टी कशा असतील?

फरक माउलींच्या दृष्टांतात दिसतो. संशयात सापडलेल्या माणसाची अवस्था ते तापाने फणफणलेल्या रोग्यासारखी सांगतात. त्याला थंड काय, गरम काय, कळतच नाही. किंवा जन्मांधासारखी, ज्याला दिवस आणि रात्र यांचा भेद ठाऊक नाही. थोडक्यात, संशय म्हणजे खरं-खोटं, हित-अहित यातला फरक करण्याची ताकदच जाणं. सगळंच खोटं, सगळेच ढोंगी, कशालाच अर्थ नाही. ही ती अवस्था. प्रश्न विचारणारा माणूस मात्र फरक करायलाच निघालेला असतो. तो तापात नसतो, तो औषध शोधत असतो.

आणि बेचाळिसावा श्लोक बघा. अज्ञानातून उपजलेला, हृदयात बसलेला हा तुझा संशय ज्ञानाच्या तलवारीने कापून टाक आणि ऊठ, असं भगवंत सांगतात. तो दाबून टाक असं म्हटलेलं नाही, लपव असंही नाही. आणि तुझा स्वतःचा संशय म्हटलंय, शेजाऱ्याचा नाही. दुसऱ्याच्या श्रद्धेची तपासणी करत बसायचं काम आपल्याला कोणी दिलेलं नाही.

अर्जुनाने किती वेळा विचारलं?

हा भाग अभ्यासासाठी वहीत लिहून ठेवा.

तिसऱ्या अध्यायाच्या सुरुवातीला अर्जुन सरळ तक्रार करतो की तुझं बोलणं उलटसुलट आहे, माझी बुद्धी गोंधळते, एक काय ते नक्की सांग. चौथ्या अध्यायाच्या चौथ्या श्लोकात तर तो कृष्णाच्या शब्दावरच शंका घेतो : सूर्याचा जन्म तुझ्या कितीतरी आधीचा, मग हा योग तू सूर्याला सांगितलास यावर मी विश्वास कसा ठेवू? हा प्रश्न आजच्या भाषेत म्हणजे थेट फॅक्ट चेक आहे. भगवंत चिडत नाहीत, उत्तर देतात.

गंमत पुढे आहे. चौथा अध्याय संशय कापून टाक म्हणून संपतो, आणि पाचव्याच्या पहिल्याच श्लोकात अर्जुन पुन्हा शंका विचारतो! कर्मसंन्यास चांगला म्हणतोस, मग योगही चांगला म्हणतोस, दोन्हीतलं बरं कुठलं? सहाव्या अध्यायात तो म्हणतो की मन इतकं चंचल आहे, हा योग टिकेल असं मला दिसत नाही. आणि नंतर त्याच अध्यायात तो विचारतो, तो तर आपलाच प्रश्न आहे. श्रद्धा आहे पण प्रयत्न कमी पडला, मन वाटेतच ढळलं, अशा माणसाचं काय होतं? फाटलेल्या ढगासारखा तो इकडचाही राहत नाही आणि तिकडचाही राहत नाही का? त्याला उत्तर मिळतं, तेही फार मायेने : चांगलं करणाऱ्या कुणाचीही दुर्गती होत नाही.

संशय गेला असं अर्जुन म्हणतो ते थेट अठराव्या अध्यायात, त्र्याहत्तराव्या श्लोकात. तोवर तो रथातच होता. खाली उतरून घरी गेला नाही, आणि पटल्याचं नाटकही केलं नाही.

माझी शंका

शहरात राहणाऱ्या मुलांना शंका पुस्तकं आणि रील्स बघून येतात, असं घरचे म्हणतात. माझी शंका भाताच्या खाचरातून आली.

आमचं घर शहापूर तालुक्यात, आजोळ मुरबाड तालुक्यात. दोन्हीकडे माळकरी घराणी. काही वर्षांपूर्वी भातलावणीच्या दिवसांत माझ्या मामेभावाला साप चावला. चौदा वर्षांचा होता. मामाच्या घरी रोज हरिपाठ व्हायचा, आणि त्यात सगळ्यात मोठा आवाज याचा. आधी त्याला एका भगताकडे नेलं, तिथे मंत्र-उतारा करण्यात वेळ गेला, मग दवाखाना, तिथून पुढे शहरात न्यायला सांगितलं. वाटेतच तो गेला.

दहाव्याला कीर्तन झालं. प्रारब्ध कोणाला चुकत नाही, असं सांगितलं गेलं. मामी तिथे बसली होती. मी तिच्याकडे बघत होतो, आणि मला हे उत्तर तिच्यासमोर उच्चारण्याजोगंसुद्धा वाटलं नाही. त्यानंतर बरेच महिने हरिपाठ म्हणताना माझी जीभ जड व्हायची. विठोबा आहे की नाही, असला तर त्या संध्याकाळी कुठे होता, आणि आम्ही इतकी वर्षं ज्याला आळवतो तो ऐकतो तरी का?

यातल्या पहिल्या दोन प्रश्नांना माझ्याकडे आजही उत्तर नाही. हे आधीच सांगतो, म्हणजे पुढे काही चमत्कारिक खुलासा येईल अशी वाट कोणी बघू नये.

शंका वेगवेगळ्या करा

त्या काळात मला एका गोष्टीचा उपयोग झाला. सगळ्या शंकांचं एक गाठोडं करून डोक्यावर घेतलं होतं, ते सोडून बघितलं. आत तीन वेगवेगळ्या प्रकारच्या गोष्टी होत्या.

*पहिल्या, ज्या देवाच्या नाहीतच.* माझा भाऊ भगताकडे वेळ गेल्यामुळे गेला. त्याचा जाब विठोबाला का विचारायचा? वारकरी संतांनी नवस, अंगात येणं, उतारे यांच्यावर इतके कोरडे ओढलेत की आपल्याला ती शंका आपल्याच परंपरेने शिकवलेली आहे. पाण्याचंही तसंच. तानसा धरण १८९२ चं, नंतर भातसा झालं, दोन्ही आमच्या शहापूर तालुक्यात. मुंबईचं पाणी इथून जातं, आणि उन्हाळ्यात आमच्याच तालुक्यातल्या पाड्यांवर टँकर येतो. म्हातारी माणसं म्हणतात, देवाची मर्जी. ही देवाची मर्जी नाही, माणसांचं नियोजन आहे. ते प्रश्न ग्रामसभेत, तहसीलदारांकडे विचारायचे असतात. देवाच्या नावावर टाकलेले असले प्रश्न बाजूला काढले की गाठोडं निम्मं हलकं होतं.

*दुसऱ्या, कथा खरी घडली का, या.* आमच्याकडे डेहणे गावाजवळ आजोबाचा डोंगर आहे. वाल्मीकींचा आश्रम तिथे होता, सीतामाई तिथे राहिल्या, लव-कुश वाल्मीकींना आजोबा म्हणायचे म्हणून डोंगराचं नाव आजोबा, असं आम्ही ऐकत मोठे झालो. कड्यात त्यांचा पाळणाही दाखवतात. पुढे कळलं की वाल्मीकींचा आश्रम उत्तर प्रदेशात बिठूरलाही सांगतात, बिहारमध्येही सांगतात. मग आमचं खरं की त्यांचं? इतिहास म्हणून हे तपासायला काहीच हरकत नाही. पण त्या डोंगरावर जाऊन आमच्या आज्या ज्या बाईसाठी हात जोडायच्या, ती लोकांच्या संशयामुळे घराबाहेर काढली गेलेली बाई होती. तिच्या दुःखाशी आपलं दुःख जोडायला त्यांना पुरातत्त्व खात्याचा दाखला लागला नाही. कथेकडून आपल्याला नेमकं काय हवंय, हे ठरलं की ही शंका पूर्वीसारखी बोचत नाही.

*तिसऱ्या, खऱ्या.* निरपराध माणसाला दुःख का? आणि देवाच्या दारात माणसामाणसात फरक का? या शंका हलक्या होत नाहीत. त्यांच्यासाठी संतांकडेच जावं लागतं.

परंपरेने तक्रार जपून ठेवली आहे

तुकोबांच्या तरुणपणी, १६३० च्या सुमाराला, मोठा दुष्काळ पडला. त्यात त्यांची पहिली पत्नी गेली, मुलगा गेला, धंदा बुडाला. गाथा उघडून बघा, देवाशी केलेलं भांडण पानोपानी सापडतं. कुठे ते देवाला निष्ठुर म्हणतात, कुठे ऋणको म्हणून त्याचा हिशेब मांडतात, आणि एका अभंगात तर आपल्यापुरता देव मेलाच, इथवर जातात. आपण ज्यांना जगद्गुरू म्हणतो त्यांचे हे शब्द आहेत. कोणी ते गाथेतून काढून टाकले नाहीत.

बहिणाबाईंनी, तुकोबांच्या शिष्येने, आपल्या अभंगांत विचारलंय की शास्त्रपुराणं स्त्रीला कमी लेखतात, तर मग बाईने परमार्थ करायचा कसा? अजूनही काही गावांत सप्ताहात मुलींच्या हाती वीणा देत नाहीत. तुमच्यापैकी ज्या ताया हा प्रश्न विचारतात, त्या परंपरेबाहेरचं काही विचारत नाहीत.

आणि चोखोबांचं घर. चोखोबा, सोयराबाई, निर्मळा, बंका, कर्ममेळा. चोखोबांना मंदिरात प्रवेश नव्हता. त्यांची समाधीसुद्धा महाद्वाराबाहेर आहे. सोयराबाईंनी विचारलं की विटाळ देहातच आहे, मग विटाळाशिवाय जन्मलेला कोण ते दाखवा. मुलगा कर्ममेळा तर बापापेक्षा कडक. आम्हाला असा जन्म देऊन दुसऱ्यांच्या उरलेल्यावर का जगायला लावलंस, असं तो देवाला विचारतो आणि कुठेही माघार घेत नाही, गोड शेवट करत नाही. तरी त्याचे अभंग संतांच्या गाथेत आहेत. उत्तर न मिळालेली तक्रारही तिथे अभंग म्हणूनच ठेवली गेली.

पण नुसती जपून ठेवणं पुरेसं नव्हतं, हेही खरं. चोखोबांच्या नंतर सहाशे वर्षं ते दार बंदच होतं. मे १९४७ मध्ये, स्वातंत्र्याच्या तीन महिने आधी, साने गुरुजी पंढरपुरात तनपुरे महाराजांच्या मठात उपोषणाला बसले, तेव्हा कुठे विठ्ठल मंदिर सर्वांसाठी खुलं झालं. गुरुजींचा विठोबावर राग नव्हता. प्रेम होतं, म्हणूनच बंद दार त्यांना सहन झालं नाही. आतल्या माणसाने विचारलेला प्रश्न काय करू शकतो, याचं यापेक्षा मोठं उदाहरण माझ्याकडे नाही.

जे गेले, त्यांच्याबद्दल

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे बोलायला हवी. सगळे थांबले नाहीत, आणि थांबायलाच हवं होतं असंही नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९३५ मध्ये येवल्याला धर्म सोडण्याची घोषणा केली आणि १४ ऑक्टोबर १९५६ ला नागपुरात बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. मध्ये एकवीस वर्षांचा अभ्यास आहे. १९४८ मध्ये अस्पृश्यांच्या इतिहासावर लिहिलेलं पुस्तक त्यांनी ज्या तीन संतांच्या स्मृतीला अर्पण केलं, त्यात चोखोबा आहेत. शहापूर-मुरबाडच्या कितीतरी गावांत बौद्धवाडी आहे, आपले वर्गमित्र तिथले आहेत. त्यांच्या आजी-आजोबांनी घेतलेला निर्णय आजच्या श्लोकातल्या संशयी माणसाचा नव्हता. सगळा विचार करून, मग तुला वाटेल तसं कर, असं भगवंत अठराव्या अध्यायात त्रेसष्टाव्या श्लोकात अर्जुनाला सांगतात. पूर्ण गीता ऐकवल्यावरही शेवटचा निर्णय त्यांनी अर्जुनाकडेच ठेवला.

म्हणून मी माळ ठेवली याचा अर्थ ज्यांनी उतरवली ते चुकले, असा नाही. मी का ठेवली, एवढंच मी सांगू शकतो.

वीणा खाली ठेवत नाहीत

अखंड हरिनाम सप्ताह तुम्ही बघितला असेल. सात दिवस, रात्रंदिवस, वीणा जमिनीवर टेकवायची नाही. पहारे लावलेले असतात. तुमची वेळ संपली की पुढचा येतो, तुमच्या पाया पडतो, तुम्ही त्याच्या पाया पडता, वीणा त्याच्या गळ्यात जाते.

भाऊ गेला त्या वर्षी माझं नाव पहाऱ्याच्या यादीत होतं. मी आमच्या चुलत आजोबांना सांगितलं की यंदा मला नको, माझ्या तोंडून नाम खरं निघणार नाही. ते पन्नास वर्षं वारी केलेले. मला वाटलं, समजूत घालतील किंवा ओरडतील. ते म्हणाले, "पोरा, माझी सून गेली तेव्हा दोन वर्षं माझ्याही तोंडून निघत नव्हतं. लोक म्हणायचे, मी ऐकायचो. माझा पहारा दुसऱ्याने केला. म्हणून तर सात दिवस चालतं ना, एकट्याचं असतं तर पहिल्याच रात्री बंद पडलं असतं."

त्यांनी देव आहे हे सिद्ध केलं नाही. प्रारब्धही काढलं नाही. पण मला कळलं ते हे, की श्रद्धा ही माझ्या एकट्याच्या छातीत चोवीस तास पेटती ठेवायची गोष्ट नाही. ती मंडळीत फिरते. माझ्या हातात नसते तेव्हा कोणाच्या तरी हातात असते. त्या वर्षी मी वीणा घेतली नाही. पंगतीत वाढायला होतो, भांडी घासायला होतो. चौतिसाव्या श्लोकातली सेवा चालू होती, परिप्रश्नही चालू होता. पुढच्या वर्षी रात्री दोन ते चारचा पहारा मागून घेतला.

आणि प्रश्नाचं एक फळ प्रत्यक्षात आलं. मी मंडळींना विचारलं की कीर्तनाआधी दहा मिनिटं द्याल का? थोडी कुरबूर झाली, मग दिली. आता आमच्या सप्ताहात दरवर्षी एक संध्याकाळ सर्पदंशावर बोललं जातं. नाग, मण्यार, घोणस, फुरसं कसं ओळखायचं, हे तर सांगतोच, पण मुख्य म्हणजे हे : चावल्यावर कापायचं नाही, चोखायचं नाही, करकचून बांधायचं नाही, हात-पाय हलवू द्यायचा नाही, भगताकडे जायचं नाही, १०८ ला फोन करून थेट सरकारी दवाखाना गाठायचा, कारण विषावर प्रतिविषाचं इंजेक्शन हाच उपाय आहे. मामी पहिल्या रांगेत बसते. मला हे माझ्या शंकेचं उत्तर वाटत नाही. पण शंका घरात कोंडून ठेवली असती तर हे झालं नसतं.

आजचा अभ्यास

१. गीतेत अर्जुनाने विचारलेले प्रश्न अध्यायवार लिहून काढा. तिसरा, चौथा, पाचवा, सहावा एवढ्यापासून सुरुवात करा. त्यातला तुमचा प्रश्न कुठला?

२. तुमच्या शंका एका कागदावर लिहा. देवाला विचारायच्या, माणसांना विचारायच्या आणि इतिहासाला विचारायच्या, असे तीन भाग करा. माणसांना विचारायची एक तरी या महिन्यात योग्य ठिकाणी विचारा.

३. विचारायला माणूस निवडा. फॅमिली ग्रुपवर नको, भर कीर्तनात नको. ज्याने स्वतः काही सोसलंय आणि ज्याला "मला माहीत नाही" म्हणायला लाज वाटत नाही, असा एक जण शोधा.

४. जे मनापासून म्हणता येत नाही ते जबरदस्तीने म्हणू नका. गप्प उभं राहिलं तरी चालतं. पण एक छोटी सेवा सोडू नका. पाणी द्या, चपला लावा, टाळ मोजून ठेवा.

५. मंडळात कोणी यायचं बंद झालं असेल तर त्याला "का येत नाहीस" असं विचारू नका. "चहाला येतोस का" विचारा.

उद्याचं वाचन पाचव्या अध्यायाचा पहिला श्लोक, म्हणजे अर्जुनाची पुढची शंका.

राम कृष्ण हरी.